क्रूझवर एकाच डिव्हाईसचं वायफाय घ्यायलोत, घरातल्या नऊ जणांत कसं वापरायचं?

उदगीरकर_कृषी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहायलोय, पण पूर्ण वाचून सांगा.

आई-बाबांच्या लग्नाला यंदा ५० वर्षं झाली. दोघा भावांनी ठरवलं की हॉल, जेवणावळ काही नको, दोघांना समुद्र दाखवायचा. आईनं आजवर बघितलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे मांजरा धरणाचं, आणि तेबी भरलेलं दोनदाच. तर दिवाळीनंतर मुंबई ते लक्षद्वीप आणि परत असं क्रूझचं बुकिंग केलंय. लातूर एक्सप्रेसनं रात्री निघून सकाळी सीएसएमटी, तिथून बॅलार्ड पिअर जवळच आहे म्हणतात.

आता प्रश्न इंटरनेटचा. आम्ही नऊ जण, आई, बाबा, आम्ही दोघं, आमची दोन लेकरं, धाकटा भाऊ, भावजय आणि त्यांचा मुलगा. स्मार्टफोन सात, एक टॅब, भावाचा लॅपटॉप, शिवाय बाबांचा साधा बटणाचा फोन. केबिन तीन, दोन शेजारी-शेजारी आणि आई-बाबांची एक मजला खाली मिळालीय. जहाजावरचं वायफाय पॅकेजमध्ये नाही, वेगळे पैसे भरायचे, आणि प्लॅन 'एका डिव्हाईसला' असा आहे. सगळ्यांना वेगवेगळा घ्यायचा म्हणलं तर खर्च लई होतो, एवढ्यात तर दुकानात हरभऱ्याच्या बियाण्याच्या कितीतरी बॅगा येतील.

गरज काय ते पण सांगतो, म्हणजे नुसतं रील बघायला मागायलेत असं कुणाला वाटायला नको. बहीण औशाला दिलीय, आठवा महिना लागलाय, बाळंतपण सासरीच करायचं ठरलंय. आईची एकच अट आहे, रोज संध्याकाळी लेकीचं तोंड दिसलं पाहिजे नाहीतर मी येतच नाही. दुसरं माझं दुकान, कृषी सेवा केंद्र आहे, रब्बीचा सीझन ऐन भरात आणि २० तारखेला जीएसटीचं रिटर्न, त्याचा ओटीपी माझ्याच नंबरवर येतो. भाऊ पुण्याला कंपनीत आहे, सुट्टी घेतलीय पण दिवसातून एकदा मेल बघावं लागतं म्हणायलाय.

तर विचारायचं असं की एकाच फोनवर प्लॅन घेऊन त्याचा हॉटस्पॉट बाकीच्यांना देता येतो का? मी घरी करून बघितलं, वायफाय चालू असताना हॉटस्पॉट चालू केला की वायफायच बंद पडतंय. भाऊ म्हणायलाय एक छोटा राउटर घेऊन जाऊ. कुणी केलंय का असं? जहाजवाले काही म्हणतात का?

---

नेटवर्कवाला_हडको (छ. संभाजीनगर)

भाऊ, आधी आई-बाबांना नमस्कार सांगा. माझं कामच नेटवर्किंगचं आहे, त्यामुळं तांत्रिक भाग मी सांगतो, जहाजाचा अनुभव मला नाही.

तुमच्या फोनवर वायफाय बंद पडलं त्यात फोनची चूक नाही. फोनचा हॉटस्पॉट मुळात सिमचा डेटा वाटायला केलेला असतो. वायफाय घेणं आणि वायफाय देणं, दोन्ही एकाच वेळी करायचं तर फोनच्या आतल्या चिपला ते जमलं पाहिजे. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये आत 'वायफाय शेअरिंग' नावाचं बटण असतं, ते असेल तर होतं. इतर काही अँड्रॉइडमध्ये वायफाय चालू असतानाच हॉटस्पॉट चालू होतो, वेगळं बटण नसतं. आयफोनमध्ये हे होत नाही, आयफोन फक्त सिमचाच डेटा वाटतो, कितीही सेटिंग शोधलं तरी उपयोग नाही, वेळ घालवू नका.

सगळ्यात सोपं म्हणजे भावाचा विंडोजचा लॅपटॉप. विंडोज १० किंवा ११ असेल तर सेटिंगमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, त्यात 'मोबाईल हॉटस्पॉट'. वर 'शेअर फ्रॉम' मध्ये वायफाय निवडा आणि खाली 'शेअर ओव्हर' मध्येपण वायफाय. लॅपटॉप जहाजाच्या वायफायला जोडलेला राहतो आणि स्वतःचं दुसरं नाव हवेत सोडतो, त्याला ८ पर्यंत डिव्हाईस जोडता येतात. पण क्रम लक्षात ठेवा, आधी लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये जहाजाचं लॉगिन पान उघडून प्लॅन चालू करायचा, इंटरनेट खरंच येतंय का बघायचं, आणि मगच हॉटस्पॉट चालू करायचा. उलटं केलं तर लॉगिन पान कुठल्या फोनवर उघडेल सांगता येत नाही आणि प्लॅन भलत्याच डिव्हाईसला चिकटतो.

मॅकबुक असेल तर वायफाय घेऊन वायफायच द्यायला ते साधं सेटिंग चालत नाही, तिथं केबल लागते.

अजून एक लोकांना माहीत नसतं. अँड्रॉइड फोन वायफायला जोडलेला असताना यूएसबी केबलनं लॅपटॉपला लावला आणि यूएसबी टेदरिंग चालू केलं, तर वायफायचंच इंटरनेट लॅपटॉपला जातं. म्हणजे प्लॅन फोनवर आणि भावाचं मेल लॅपटॉपवर, हॉटस्पॉटची गरजच नाही. ब्लूटूथ टेदरिंगनं पण बऱ्याच फोनवर जमतं, स्पीड कमी असतो पण मेल आणि मेसेजला पुरतो.

राउटरचं म्हणाल तर हातात मावणारे ट्रॅव्हल राउटर मिळतात, जीएल-आयनेट वगैरे, ते हॉटेलचं वायफाय घेऊन स्वतःचं नाव देतात. हॉटेलात मी स्वतः वापरतो, उत्तम चालतो. जहाजावर नेऊ देतात का ते जाणकार सांगतील.

आणि जे काही करणार असाल ते घरी दोन वेळा करून बघा. काही लॅपटॉपचे ड्रायव्हर जुने असतात, हॉटस्पॉटचं बटण दाबलं की 'सेट अप करता येत नाही' म्हणतात. ते उदगीरात कळलेलं बरं.

---

दर्या_परभणी

मी मूळचा परभणीचा, गेली बरीच वर्षं मर्चंट नेव्हीत ईटीओ आहे, म्हणजे जहाजावरची इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सची सगळी कामं, त्यात हे अँटेना-इंटरनेटपण आलं. मी मालवाहू जहाजांवर असतो, प्रवासी जहाजावर नाही, पण यंत्रणा त्याच घराण्यातली. वरच्या भावानं लॅपटॉपचं बरोबर सांगितलंय. जहाजावर गेल्यावर काय होतं ते मी सांगतो.

पहिली गोष्ट राउटर. नेऊ नका. बऱ्याच क्रूझ कंपन्यांच्या बंदी असलेल्या वस्तूंच्या यादीत इस्त्री, मेणबत्तीसोबत राउटर किंवा वायफाय रिपीटरपण लिहिलेला असतो. चढताना बॅग स्कॅन होते, सापडला तर काढून ठेवतात आणि उतरताना परत देतात. तुमच्या तिकिटासोबत नियमांची पीडीएफ आली असेल, ती उघडून बघा. यामागचं कारण मला पटतं. जहाज म्हणजे लोखंडी पेटी, त्यात प्रत्येक पॅसेजमध्ये मोजून-मापून वायफायचे पॉइंट लावलेले असतात, कुठला कुठल्या चॅनलवर ते ठरलेलं असतं. प्रत्येक केबिनमध्ये एकेक राउटर ओरडायला लागला तर शेजारच्यांचं पण बिघडतं. क्रूचे वॉकी-टॉकी सोडून हल्ली बरीच कामं याच वायफायवर चालतात, हे पण लक्षात घ्या.

दुसरी गोष्ट तीच लोखंडी पेटी. तुमच्या तीन केबिन आहेत, त्यातली एक खालच्या मजल्यावर. लॅपटॉपचा हॉटस्पॉट घरी तीन खोल्यांत जातो कारण भिंती विटांच्या असतात. तिथं मजल्याची स्टीलची प्लेट मध्ये आली की सिग्नल संपला. शेजारच्या केबिनमध्ये थोडाफार मिळेल, खाली आई-बाबांना मिळणार नाही. म्हणजे ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय तिथंच पोचणार नाही.

तिसरी, 'एक डिव्हाईस' म्हणजे नेमकं काय ते कंपनीला विचारा, कारण दोन प्रकार असतात. एकात प्लॅन तुमच्या नावावर असतो आणि एका वेळी एकच डिव्हाईस चालू, म्हणजे या फोनवर लॉगआउट करा आणि त्या फोनवर लॉगिन करा, दिवसात कितीही वेळा. दुसऱ्यात प्लॅन त्या फोनच्या मॅक ॲड्रेसला (वायफायवर फोन ओळखायचा नंबर) बांधला जातो, मग बदलता येत नाही किंवा काउंटरवर जाऊन बदलावा लागतो. पहिला प्रकार असेल तर तुमचा अर्धा प्रश्न नियमातच सुटला.

पाळीपाळीनं वापरताना लोक हमखास एक चूक करतात. नुसतं वायफाय बंद करतात किंवा फोन खिशात घालतात, लॉगआउट करत नाहीत. मग सर्व्हरला वाटतं पहिला फोन अजून चालूच आहे आणि दुसऱ्याला आत घेत नाही. लॉगआउटचं पान कुठलं ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या आणि सगळ्यांच्या फोनवर सेव्ह करून ठेवा.

मॅक ॲड्रेसवरून अजून एक. आजकालचे फोन, अँड्रॉइड १० पासून आणि आयफोन आयओएस १४ पासून, प्रत्येक वायफायला खोटा मॅक ॲड्रेस दाखवतात. प्रायव्हसीसाठी चांगलंय, पण मध्येच तो बदलला तर जहाजाच्या सिस्टीमला तुम्ही नवीन डिव्हाईस वाटता आणि भरलेले पैसे अडकतात. प्लॅन घ्यायच्या आधी त्या एका नेटवर्कपुरतं प्रायव्हेट ॲड्रेस बंद करा, आणि ट्रिप संपेपर्यंत ते नेटवर्क 'फरगेट' करू नका.

आता स्पीडचं. जुनी पद्धत म्हणजे पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटरवर एका जागी दिसणारे उपग्रह. जहाजावरून सिग्नल वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, आणि उत्तर परत यायला आणखी पाव. म्हणून तसल्या जहाजावर व्हिडिओ कॉलमध्ये दोघंही एकदमच बोलतात आणि एकदमच थांबतात. नवीन स्टारलिंकसारखे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर फिरतात, तिथं हा उशीर जाणवत नाही. तुमच्या जहाजावर कुठलं आहे ते विचारा, त्यावर आईचा व्हिडिओ कॉल होणार का नुसता आवाज ते ठरेल.

जहाजावर वर पांढरे मोठे घुमट दिसतील, आईला दाखवा. आत डिश असते, जहाज डुललं तरी ती उपग्रहाकडंच तोंड करून राहते. पण धुराडं किंवा डोलकाठी मध्ये आली की सिग्नल तुटतो, आम्ही त्याला ब्लाइंड सेक्टर म्हणतो. जहाजानं दिशा बदलली की पाच-दहा मिनिटं नेट जातं आणि आपोआप येतं. त्या वेळी फोन रिस्टार्ट करत बसू नका, थांबा.

---

लातूरची_सुनबाई

दादा, मी सिंगापूरहून क्रूझ केलंय सासू-सासऱ्यांसोबत, आम्ही पाच जण होतो आणि प्लॅन एकच घेतला होता. हॉटस्पॉट-बिटस्पॉट काही केलं नाही. माझ्या फोनवर प्लॅन, रोज संध्याकाळी सहा ते सात सगळ्यांनी आमच्या केबिनमध्ये यायचं, ज्याला घरी बोलायचंय त्यानं माझ्याच फोनवरून बोलायचं. सुरुवातीला मुलं कुरकुरली, दुसऱ्या दिवसापासून विसरली, कारण पोहायचा तलाव होता.

मला खरं सांगायचंय ते हे की नऊ जणांना नऊ इंटरनेट लागत नाहीत. जाण्याआधी घरच्या वायफायवर सगळं उतरवून घ्या. सासूबाईंसाठी मी हरिपाठ आणि कीर्तनं डाउनलोड करून नेली होती, मुलांसाठी सिनेमे, तिकिटं, आधार आणि हॉटेलच्या पावत्या पीडीएफ करून प्रत्येकाच्या फोनमध्ये टाकल्या. एकमेकांना फोटो द्यायला इंटरनेट लागतच नाही, अँड्रॉइडला क्विक शेअर आणि आयफोनला एअरड्रॉप आहे की. जहाजाचं स्वतःचं ॲप असेल तर ते पैसे न भरता पण त्यांच्या वायफायवर चालतं, जेवणाच्या वेळा, कार्यक्रम, आणि आमच्या जहाजावर तर त्यातच आपसात मेसेज करता यायचे. तुम्ही तीन केबिनमध्ये आहात, त्याचा फार उपयोग होईल. मुंबई सोडायच्या आधी ते ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

आणि पहिलं काम म्हणजे ज्या फोनवर प्लॅन आहे त्यातलं गुगल फोटोजचं बॅकअप, व्हॉट्सॲपचं बॅकअप आणि ॲप अपडेट बंद करा. आमचा पहिला दिवस त्यातच गेला, कुणालाच काही दिसेना, नंतर कळलं की माझा फोन मागं बसून दिवसभराचे व्हिडिओ वर चढवत होता.

---

हॉटस्पॉट_किंग_जालना

एवढं काय अवघड करायलेत सगळे. लॅपटॉपवर हॉटस्पॉट लावा, मस्त आठ जण चालवा, कुणाला कळतंय. पैसे भरलेत ना आपण, मग एक जण वापरो की नऊ, त्यांना काय करायचं. पकडलं तर पकडलं.

---

नेटवर्कवाला_हडको

कळतं भाऊ. प्रत्येक डेटाच्या पाकिटावर टीटीएल नावाचा एक आकडा असतो, फोनमधून निघताना ६४, विंडोजमधून १२८. मध्ये एक हॉटस्पॉट आला की तो एकनं कमी होतो, ६३ किंवा १२७ दिसला की समोरच्याला कळतं मागं अजून कुणीतरी आहे. सगळी जहाजं तपासत नसतील पण तपासणं अवघड नाही. ते लपवायचे पण मार्ग आहेत, आणि मी ते इथं लिहिणार नाही, कारण प्रश्न विचारणाऱ्या भावाला आई-बाबांना घेऊन जायचंय, तिथं काउंटरवर उभं राहून वाद घालायचा नाही.

मी वर लॅपटॉपची रीत सांगितली ती चालते म्हणून सांगितली. ती तिथल्या नियमात बसते का हे आधी विचारायचंच.

---

लातूरची_सुनबाई

जालन्याच्या दादांना एवढंच सांगते. आमच्याकडं २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं तेव्हा मी लातुरातच होते. त्याच्या आधीपासून आणि नंतर पण आमच्या गल्लीत नळाला डायरेक्ट मोटार लावणारे लोक होते. नळपट्टी ते पण भरायचे, म्हणायचे आम्ही पैसे भरलेत. पण ती मोटार चालू झाली की शेवटच्या चार घरांत थेंब येत नसे, आणि शेवटच्या घरात आम्ही राहायचो. जहाजावर पण नळ एकच आहे, वर आकाशातून येणारा, आणि हजारभर लोक त्यावर. मला ते पटत नाही, म्हणून बोलले.

---

दर्या_परभणी

ताईंनी नेमकं सांगितलं. मी नोकरीला लागलो तेव्हा क्रूला महिन्याला थोडे एमबी मिळायचे, कार्डावरचा नंबर टाकून वापरायचे. एकानं चुकून अपडेट चालू ठेवलं की त्याचं महिन्याचं घरी बोलणं संपलं. आता तसं नाही, खलाशांच्या आंतरराष्ट्रीय करारात, एमएलसी २००६ मध्ये, दुरुस्ती झाली आणि २३ डिसेंबर २०२४ पासून जहाजावर खलाशांना इंटरनेट देण्याची तरतूद लागू आहे. पण नळी तेवढीच असते. प्रवाशांनी ओढून घेतली की खाली इंजिन रूममधून वर येऊन घरी फोन लावणारा कुणीतरी पोरगा तसाच परत जातो. मी तो पोरगा होतो.

---

उदगीरकर_कृषी

सगळ्यांचे मनापासून आभार. राउटर रद्द केला, भावाला सांगितलं. पीडीएफ उघडून बघितली, त्यात राउटर खरंच लिहिलाय. कंपनीला फोन लावला, ते म्हणाले एका वेळी एकच डिव्हाईस, पण लॉगआउट करून दुसऱ्यावर घेता येतो, आणि दोन डिव्हाईसचा पण प्लॅन आहे, तो दोन वेगवेगळे घेण्यापेक्षा स्वस्त पडतो. लॅपटॉपच्या हॉटस्पॉटचं विचारलं तर 'अलाऊड नाही' म्हणले. मग विषय संपला. दोनचा घ्यायलोत, एक खालच्या केबिनला आई-बाबांजवळ आणि एक वर.

आता राहिला ओटीपी. जहाजावर सिम चालतच नसेल तर २० तारखेला रिटर्न कसं भरू? आणि लक्षद्वीपला मोबाईलला रेंज असते का?

---

नेटवर्कवाला_हडको

ओटीपीचं सिम घेऊनच जाऊ नका. तुमच्या फोनमध्ये दोन सिम असतील तर दुकानाचा नंबर काढून एखाद्या साध्या फोनमध्ये घालून दुकानात विश्वासातल्या माणसाकडं ठेवा. सिम काढल्यावर व्हॉट्सॲप तुमच्या फोनवर चालू राहतं का ते आधी घरी बघून घ्या, आणि पुन्हा रजिस्टर करायला लावलं तर अडचण, म्हणून ॲप काढून परत टाकू नका. जीएसटीच्या पोर्टलवर ईव्हीसीनं, म्हणजे ओटीपी टाकून, रिटर्न भरताना ओटीपी मोबाईलसोबत रजिस्टर ईमेलवर पण येतो, ईमेल तुमचाच आहे का सीएचा ते बघून घ्या. आणि खरं म्हणजे ३-बी, म्हणजे तुमचं हे २० तारखेचं रिटर्न, २० च्या आधी पण भरता येतं, १९ ची वाट कशाला बघायची.

बँकेचा ओटीपी मात्र कुणाला फोनवर सांगायला लावू नका. मोठं पेमेंट असेल तर निघायच्या आधीच उरका.

---

दर्या_परभणी

लक्षद्वीपला बीएसएनएल आणि एअरटेल चालतं. आधी तिथलं सगळं उपग्रहावर होतं, आता कोचीहून समुद्राखालून फायबर केबल टाकलीय, जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली, बेटांवर नेट बरंच सुधारलंय. तुमचं जहाज खोल पाण्यात थांबेल आणि छोट्या बोटीनं बेटावर नेतील, त्या दिवशी घरच्या सिमवरच आरामात बोला. तिथं जायला भारतीयांनापण परमिट लागतं, क्रूझवाले काढतात बहुतेक, पण विचारून घ्या.

मुंबई सुटल्यावर किनाऱ्याची रेंज थोडा वेळ टिकते. मग साधारण १२ सागरी मैलांच्या, म्हणजे २२ किलोमीटरच्या पलीकडं गेल्यावर काही जहाजं स्वतःचा मोबाईल टॉवर चालू करतात. फोनवर दांड्या फुल दिसतात आणि लोक खूश होतात. ते उपग्रहावरचं रोमिंग आहे, देशातला तुमचा कुठलाच पॅक तिथं चालत नाही, मिनिटाचे पैसे बघून डोळे फिरतील. बोट सुटली की सगळ्यांचे फोन एअरप्लेन मोडवर, मग त्यातच वरून वायफाय चालू करायचं. हे एक काम चुकवू नका.

कुणी सॅटेलाइट फोन घेऊन जा म्हणलं तर ऐकू नका, आपल्याकडं परवानगीशिवाय तो जवळ बाळगणंच गुन्हा आहे.

---

उदगीरकर_कृषी (तीन आठवड्यांनी)

जाऊन आलो. सांगायचं राहू नये म्हणून लिहायलोय, पुढं कुणी शोधत आलं तर उपयोगी पडेल.

दोन डिव्हाईसचा प्लॅन बरोबर ठरला. खालचं लॉगिन बाबांच्या केबिनमध्ये टॅबवर ठेवलं, कारण आईला मोठं दिसतं. वरचं दिवसभर भावाकडं आणि माझ्याकडं पाळीपाळीनं. लॉगआउट करायचं दोनदा विसरलो आणि दोन्ही वेळा तस्संच झालं जसं परभणीच्या सरांनी लिहिलं होतं, दुसरा फोन आत घेईना. तिसऱ्या वेळेपासून मुलीनं कागदावर लिहून केबिनच्या दाराला आतून चिकटवलं, 'लॉगआउट केलं का'.

माझ्या जुन्या फोनवर लॉगिन पानच उघडत नव्हतं. मुलानं सेटिंगमध्ये जाऊन प्रायव्हेट डीएनएस बंद केलं तेव्हा उघडलं. हे कुणी सांगितलं नव्हतं म्हणून लिहितोय.

आई रोज साडेसहाला टॅब मांडीवर घेऊन बसायची, नऊवारीचा पदर डोक्यावरून घेऊन, जणू औशालाच गेलीय. ताईचं तोंड दिसायचं, आवाज कधी पुढं कधी मागं. तिसऱ्या दिवशी मधीच तुटलं. भाऊ टॅब बंद-चालू करायला लागला तर आईच म्हणली, ऱ्हाऊ दे, जहाज वळलं असंल. वर डेकवर गेल्यावर मी तिला ते पांढरे घुमट दाखवले होते आणि तिनं ध्यानात ठेवलं होतं. दहा मिनिटांनी आपोआप लागला. अगत्तीला उतरलो त्या दिवशी तर भावजयीच्या एअरटेलवरून तिनं ताईला निळं पाणी दाखवलं, वाळू हातात घेऊन दाखवली, ताई तिकडून रडायली आणि ही इकडून.

दुकानाचं सिम भाच्याकडं ठेवलं होतं, रिटर्न निघायच्या आदल्या दिवशीच भरून टाकलं, त्यामुळं डोक्याला ताप नव्हता.

एकच चूक झाली आणि ती मोठी. सगळ्यांचे स्मार्टफोन मी स्वतः तपासून एअरप्लेन मोडवर टाकले, पण बाबांचा बटणाचा फोन कुणाच्या ध्यानातच आला नाही. त्यांचं पोस्टपेड आहे, आणि मागं पशुपतिनाथाच्या यात्रेला नेपाळला गेले तेव्हा त्यावर आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू केलं होतं ते तसंच राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी गावाकडून सोयाबीनच्या पैशाचा फोन आला, बाबांनी उचलला, बावीस मिनिटं बोलले. बिल आलंय, आकडा लिहीत नाही. बाबांना अजून सांगितलेलं नाही, आणि सांगायचं पण नाही असं दोघा भावांनी ठरवलंय. पण त्या बिलावर काही करता येतं का, कुणाला माहीत असेल तर सांगा.

---

दर्या_परभणी

बाबांना सांगू नका, बरोबर केलंत.

बिलाचं असं करा. कस्टमर केअरला आधी तक्रार नोंदवून डॉकेट नंबर घ्या, उत्तर समाधानाचं नसेल तर त्याच कंपनीच्या अपील अथॉरिटीकडं जाता येतं, ती सोय प्रत्येक मोबाईल कंपनीत असते. माफ करतीलच असं सांगता येत नाही, कॉल खरंच झालाय. पण रोमिंगचा पॅक मागून लावून रक्कम कमी करता का, एवढं विचारून बघा, विनंतीच्या भाषेत. आणि आजच त्या नंबरवरचं आंतरराष्ट्रीय रोमिंग बंद करून घ्या.

ताई कशी आहे?

---

उदगीरकर_कृषी

रोमिंग बंद केलं आत्ताच. तक्रार उद्या टाकतो, नंबर मिळाला की इथं कळवतो. ताई बरी आहे, नववा लागला. आई कालच औशाला गेलीय, जाताना टॅब घेऊन गेली.